हर्सूल तलावावर राबणाऱ्या हातांचे आभार

जटवाड्याच्या डोंगराकडून येणारी खाम नदी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल तलावात मिळते. हेच पाणी जुन्या शहरातल्या काही भागांत नळाला येतं. म्हणूनच पावसाआधी नाल्यात उतरलेल्या महापालिकेच्या सफाई कामगारांचे मनापासून आभार. बाभळीच्या काट्यांत अडकलेल्या पिशव्या तुम्ही हाताने सोडवत होतात. एका ताईंनी तर गाळाचं घमेलं काठापासून पार लांब नेऊन ओतलं, पहिल्याच सरीत तो गाळ परत आत येऊ नये म्हणून. केवढी ही काळजी! निर्माल्य कुजलं, सांडपाणी शिरलं की शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेणाऱ्या दादांनाही धन्यवाद. यंदाच्या गणपतीत आमच्या गल्लीचं निर्माल्य कलशातच पडेल, हा आमचा शब्द.