तिकीट आता मे महिन्याचे

केंट, ओहायो
२५ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. फेब्रुवारीचे तिकीट रद्द करून मी मे महिन्याचे काढले आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी घरी नसेन, हे लिहितानाही हात अडखळतो. पण सुहासदादाने रजा टाकली आहे आणि बोरिवलीच्या वेळी झाली तशी धावपळ या खेपेस होऊ देणार नाही, असे त्याने मला कबूल केले आहे.

कारण कळल्यावर बाबा तरी रागावणार नाहीत. इथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये त्यासाठी एक आठवडा सुरू केला होता. त्याचा महिना व्हावा, ही मागणी १९६९ मध्ये आमच्याच विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केली आणि पुढच्या वर्षी तो साजराही करून दाखवला. राष्ट्राध्यक्षांनी त्याची दखल १९७६ मध्ये घेतली, म्हणजे पोरे सरकारच्या सहा वर्षे पुढे होती! यंदाच्या कार्यक्रमात जोतिरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका मी मराठीतून वाचायची आहे. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना पुण्यातल्या एका माणसाने आपले पुस्तक अर्पण केले, हे आमच्या गटात कोणालाच ठाऊक नव्हते. सरावाच्या वेळी एका मैत्रिणीने विचारले, “मुक्त करणाऱ्यांचे कौतुक झाले, पण आमचे सुमारे १ लाख ८० हजार लोक यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून स्वतः लढले, त्यांचे काय?” मला उत्तर देता आले नाही. आजोबांनी बहुधा तिचीच बाजू घेतली असती. वाचनानंतर तो प्रश्नही मीच मांडणार आहे, आणि गटात मराठी वाचणारी मी एकटीच असल्याने हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

आईने माझ्या जेवणाची काळजी करू नये. परवा आम्ही कार्यक्रमासाठी चवळी घातलेला भात करून पाहिला. चवळी मूळची आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर इकडे आली. माझ्या वाट्याच्या पातेल्यात मी हळूच तुझा गोडा मसाला टाकला. सर्वांत आधी तेच रिकामे झाले. थंडी कडक आहे, पण खोली उबदार आहे आणि तू विणलेला स्वेटर अंगात असतो.

मला कांजिण्या आल्या, तेव्हा बाबा रात्रभर कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला मात्र मी नाही, हे मनातून जात नाही.

तेव्हा ऐकावे. थेंबांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावाव्यात. डॉक्टर सांगेपर्यंत बाबांनी डोळा चोळायचा नाही, खाली वाकायचे नाही आणि स्कूटरला हात लावायचा नाही. आई, तुझी रक्तदाबाची गोळी त्या गडबडीत चुकता कामा नये. आजोबांच्या प्रतीतील अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो मला या आठवड्यात हवा आहे. तो बाबांनी माळ्यावर चढून काढायचा नाही. दादाला प्रत खाली काढायला सांगावी आणि फोटो आईने घ्यावा, शक्यतो अंगठा मध्ये न येता.

तुमची,
बबी