रविवारचे सामने आणि हातघाईतून माघार

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता जळगावला नेहमीच्या हॉलमध्ये वॉरहॅमर 40,000 चे (मिनिएचर म्हणजे छोट्या सैनिक-आकृत्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ) सामने आहेत. नियम 2023 च्या दहाव्या आवृत्तीचेच. हातघाईतून माघारीवर (फॉल बॅक, म्हणजे शत्रूला भिडलेली तुकडी मागे घेणं) फार वाद होतात, म्हणून हे वाचूनच या.

• माघार आपल्या मूव्हमेंट फेजमध्येच (आपल्या टर्नमधला, म्हणजे पाळीतला, तुकड्या हलवण्याचा टप्पा). चाल संपल्यावर एकही मिनिएचर शत्रूच्या आडव्या 1 आणि उभ्या 5 इंचांच्या टप्प्यात राहता कामा नये. जमत नसेल तर माघार नाही.

• शत्रूच्या मिनिएचरवरून जाता येतं, पण तसं जाणाऱ्या प्रत्येकासाठी हलवण्याआधी फासा टाकायचा. 1 किंवा 2 पडला की त्या तुकडीतलं एक मिनिएचर बाद. उडणाऱ्यांना यातून सूट. तुकडी बॅटल-शॉक्ड (धीर खचलेली) असेल, तर वाट मोकळी असली तरी सगळ्यांसाठी फासे.

• त्या टर्नमध्ये मग गोळीबार नाही, चार्जही (शत्रूवर धावून जाणं) नाही. खास क्षमता असेल तर तुकडीचं कार्ड दाखवा.

नवीन मुलं माघार घ्यायला कचरतात. घ्या बिनधास्त! आपली तुकडी बाजूला झाली की मागच्यांना त्या शत्रूवर नेम धरता येतो.

धुळे, भुसावळकरांनी शनिवार संध्याकाळपर्यंत नाव कळवावं. जेवणाला भरीत-पुरी आहे, अंदाज लागतो.