महापौरांच्या मानाच्या कामांना लेखी शिस्त हवी

महोदय,

महापौरपद म्हणजे नुसते हारतुरे, अशी टीका पुण्यात नेहमी ऐकू येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौरांकडे मुख्य सभेचे अध्यक्षपद, समसमान मते पडल्यास निर्णायक मत आणि शहराच्या वतीने उभे राहण्याचा मान एवढेच उरते. मग हा मान तरी चोख सांभाळला गेला पाहिजे.

अनंत चतुर्दशीचेच पाहा. सकाळी मंडईतील टिळक पुतळ्याला महापौरांनी हार घालायचा, कसबा गणपतीची आरती करायची आणि मिरवणूक हलवायची. तिथून पुढे अलका टॉकीज चौकात महापालिकेच्या मंडपात प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षांना श्रीफळ द्यायचे. घोळ होतो तो या दोन्ही ठिकाणी. हार एकाच्या हाती, पण कठड्याला लागून पन्नास माणसे. आरतीचे तबक या हातातून त्या हातात फिरत राहते. चौकात श्रीफळ देऊन झाले की फोटो, मग दुसऱ्या पाहुण्याचा हार, पुन्हा फोटो. एका मंडळामागे जादा दोनच मिनिटे गेली तरी शंभर मंडळांमागे तीन तास वीस मिनिटे होतात. मिरवणूक लांबण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण हे कारण महापालिकेच्या स्वतःच्या हातातले आहे. मंडपात महापौर आणि आणखी दोघे, श्रीफळ आधीच तबकात, अध्यक्षांनी पुढे यायचे, पथक थांबवायचे नाही. इतके केले तरी पुरे.

मुख्य सभेत दुखवट्याचा ठराव झाला की सभा तहकूब करण्याची प्रथा तर बंदच व्हावी. श्रद्धांजलीची भाषणे व्हावीत, दोन मिनिटे उभे राहावे आणि लगेच कार्यपत्रिकेवरचा पहिला विषय पुकारावा. पाणी, कचरा, रस्त्यांचे विषय पुढच्या तारखेला ढकलणे हा दिवंगतांचा मान नव्हे. तीच गोष्ट मानदंडाची. महापौरांपुढे ठेवलेला हा दंड सभागृहाच्या अधिकाराची खूण आहे. निषेध म्हणून तो पळवायला धावणाऱ्यांना महापौरांनी, पक्ष न बघता, त्याच क्षणी जागेवर पाठवले पाहिजे.

महापौरांची मुदत अडीच वर्षांची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन किंवा तीन अनंत चतुर्दशी. त्यात मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच होते, त्यामुळे जुन्यांकडून नव्यांना रीत सांगण्याची साखळीही तुटली. नगरसचिव कार्यालयाने पालख्यांच्या स्वागतापासून कोनशिलेवरील नावांच्या क्रमापर्यंत सगळे एका पुस्तिकेत लिहून काढावे आणि मुख्य सभेकडून मंजूर करून घ्यावे. पालख्या आषाढीच्या आधी शहरात येतात. निदान तेवढे प्रकरण त्यापूर्वी तयार हवे.

— नागरी प्रश्नांचे काही अभ्यासक, पुणे