काळ्या कोटातली बिनपगारी उमेदवारी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी 28 वर्षं वकिली करतो आहे. सध्या माझ्याकडे एक ज्युनिअर वकील आहे. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, उतरवून आणते, मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलो की इकडे मुदतीचा अर्ज देते, नकलांसाठी खेटे घालते आणि संध्याकाळी सातपर्यंत दावे-कैफियती टाइप करते. तिला मी पगार असा देत नाही. एसटीच्या पासाचे पैसे देतो, दिवाळीला पाकीट देतो. माझ्या सीनिअरांनी मला एवढंही दिलं नव्हतं, हे मी बरीच वर्षं कौतुकाने सांगत असे. आता सांगवत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे देशातल्या वकिलांच्या नियामक संस्थेने, परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयानेही असेच आकडे सांगितले होते. परिपत्रक शिफारशीपुरतंच होतं. आमच्या बाररूममध्ये ते वाचलं गेलं तेव्हा हशा पिकला. ज्यांचं ऑफिस वारसनोंदी, पोटगी, चेक बाउन्स आणि बांधाच्या भांडणांवर चालतं, त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या घरी एखाद्या महिन्यात 15 हजार जात नाहीत. मुंबई-पुण्याच्या मोठ्या चेंबर्सना ऐपत असेल, त्यांनी जरूर द्यावेत. पण बहुतेक ज्युनिअर तिथे नाहीत, ते आमच्यासारख्यांकडे आहेत. म्हणून हा खर्च सीनिअरच्या खिशावर न टाकता राज्य सरकारने उचलावा, असं माझं म्हणणं आहे.

त्याला कारणही आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या न्यायाधीशांच्या पहिल्या पायरीच्या पदासाठी तीन वर्षांची वकिली हवी. निकाल मला पटला. कोर्टाची पायरी न चढलेला न्यायाधीश वकिलांनाही नको असतो आणि पक्षकारांनाही. पण ही तीन वर्षं काढायची कशावर? बाप वकील असेल त्याची निघतात. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलीची कशी निघणार? म्हणजे उद्याचे न्यायाधीश कुठल्या घरांतून येतील हे परीक्षेआधीच ठरून जाणार. ही उमेदवारी सरकारला स्वतःच्या सेवेसाठी हवी आहे, तर तिचं विद्यावेतनही सरकारनेच द्यायला नको का?

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढण्याचा खर्च थोडा आटोक्यात आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यातले 750 रुपयेच (अनुसूचित जाती-जमातींसाठी 125) घेता येतात. सनदेनंतर वकिलांना द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय परीक्षेचं शुल्क मात्र हजारांत आहे. कोट, बँड, पुस्तकं, भाड्याची खोली हे वेगळंच. त्यात ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या भागाची ती जुनी मागणी होती, पण तिथे जाऊन शिकायचं तर राहण्याखाण्याचा प्रश्न पुन्हा आहेच.

आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं दरमहा पाच हजार देण्याची योजना आणली, तमिळनाडूने त्यानंतर दोन वर्षांसाठी तीन हजारांची. रकमा तुटपुंज्या आहेत, पण निदान खोलीभाडं तरी निघतं. आपल्याकडे 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला दरमहा 10 हजार. ती कारखाने, कंपन्या आणि सरकारी कार्यालयं डोळ्यापुढे ठेवून आखलेली. एका वकिलाचं टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट यांना तिच्यात जागा नाही.

पैसे घेऊन कोर्टात न फिरकणारे निघतील, अशी शंका कुणी काढेल. निघतील, आजही सनद काढून दुकान चालवणारे आहेतच. पण तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला कुणी द्यायचा हे मे 2025 च्या त्या निकालातच सांगितलं आहे: न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या मान्यतेने. तोच दाखला दर सहा महिन्यांनी मागावा आणि त्यावर पुढचा हप्ता सोडावा. नवं पोर्टल, नवी समिती काही लागत नाही.

पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर आमचे पक्षकार दाव्यावर जी कोर्ट फी भरतात ती राज्याच्या तिजोरीतच जमा होते. तिच्यातला छोटासा वाटा बाजूला काढून, उत्पन्नाची अट घालून, निदान तालुका आणि जिल्हा न्यायालयांतल्या पहिल्या तीन वर्षांच्या वकिलांपासून सुरुवात करता येईल. येत्या अर्थसंकल्पाआधी विधी व न्याय विभागाने एवढा प्रस्ताव तरी मांडावा.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील, जि. सोलापूर