अध्यापक संघटनांच्या दप्तरांना अभिलेखागारात जागा द्या: गुजरातच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय: विद्यापीठीय व महाविद्यालयीन अध्यापक संघटनांच्या जुन्या कागदपत्रांचे जतन

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

बडोद्यात आयुष्यभर अध्यापन करून निवृत्त झालेला आणि काही काळ अध्यापक संघटनेचा चिटणीस म्हणून काम केलेला मी एक नागरिक आहे. राज्यातील अध्यापक संघटनांची जुनी दप्तरे, म्हणजे इतिवृत्तांच्या वह्या, सभासद नोंदणीची पुस्तके, परिपत्रके, मागणीपत्रे आणि न्यायालयीन प्रकरणांच्या फायली, राज्य अभिलेखागाराने ठेव म्हणून स्वीकारावीत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. याची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीतून ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, बडोद्यातील जुन्या संघटना-कार्यकर्त्यांमध्ये मराठी अध्यापकांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या पश्चात ही कागदपत्रे आज दांडिया बाजार, रावपुरा आणि बाबाजीपुऱ्यातल्या घरांत माळ्यावर पडून आहेत. ती ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनीही हे पत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे.

संघटनेचे दप्तर म्हटले की घोषणांचे फलक आणि संपाची पत्रके डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात त्यात फार वेगळ्या गोष्टी असतात. आमच्या संघटनेच्या कपाटात 1987 मधील देशव्यापी संपाच्या काळातली एक साधी दोनशे पानी वही आहे. मेहरोत्रा समितीच्या शिफारशींनंतरच्या वेतनश्रेणींवरून त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशभरातील महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय अध्यापक संपावर गेले होते. त्या वहीत संपनिधीचा जमाखर्च आहे. डाव्या पानावर कोणत्या सहकाऱ्याला किती उचल दिली आणि कशासाठी दिली याची नोंद आहे: घरभाडे, मुलाची शाळेची फी, आईचे औषध. उजव्या पानावर पगार सुरू झाल्यावर त्याने ती किती हप्त्यांत फेडली ते तारखेसह लिहिले आहे आणि प्रत्येक हप्त्यापुढे खजिनदारांची बारीक अक्षरातली सही आहे. त्याच कपाटातील एका इतिवृत्ताच्या वहीत, संप मागे घेण्याच्या ठरावाखाली, एका तरुण अध्यापकाने आपला विरोध स्वहस्ताक्षरात नोंदवलेला आहे. बहुमत विरुद्ध असताना त्याचे म्हणणे वहीत लिहून घेतले गेले, खोडले गेले नाही, आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त जसेच्या तसे संमत झाले. विद्यापीठातील माणसे एकमेकांशी कशी वागत होती, हे समजून घ्यायला याहून विश्वसनीय साधन मला माहीत नाही. विद्यापीठाच्या छापील वार्षिक अहवालात यातले काहीही सापडणार नाही.

असे दप्तर इतर कामगार संघटनांचेही असते, मग अध्यापकांच्या दप्तराचीच एवढी काळजी का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या कायद्याच्या इतिहासात आहे. दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ या 1963 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षण हा उद्योग नव्हे असा निर्णय दिला. 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि शिक्षणसंस्था उद्योगाच्या व्याख्येत आल्या. मात्र 1988 च्या सुंदराम्बाल प्रकरणात न्यायालयाने सांगितले की संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाही. याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या तंट्याची कागदपत्रे समेट अधिकारी, कामगार आयुक्त आणि औद्योगिक न्यायाधिकरण यांच्या कचेऱ्यांत आपोआप जमा होत गेली, तशी अध्यापकांच्या तंट्यांची झाली नाहीत. अध्यापकांची निवेदने कुलगुरूंच्या कार्यालयात गेली, शिक्षण खात्यात गेली, काही उच्च न्यायालयात गेली, आणि प्रत्येक ठिकाणी त्यातला तेवढाच तुकडा राहिला. मागणी कधी उठली, कोणी मांडली, चर्चेत काय कबूल झाले आणि काय नाकारले गेले, हा सगळा धागा एका ठिकाणी सलग मिळतो तो फक्त संघटनेच्या आवक-जावक नोंदवहीत आणि तिच्या फायलींत.

या धाग्याचे मोल किती, याचे उदाहरण गुजरातमधलेच आहे. अहमदाबादमधील खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. 2004 मध्ये निकाल विरोधात गेला. शिक्षक हे 1972 च्या उपदान कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत बसत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. तथापि संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त केला, ती दुरुस्ती 3 एप्रिल 1997 पासून लागू केली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आज देशातील खाजगी शाळांमधल्या ज्या शिक्षकांना निवृत्तीच्या वेळी ही रक्कम मिळते, त्यांच्या हक्काची वाट एका शिक्षक संघटनेच्या हरलेल्या खटल्यातून निघालेली आहे. न्यायालयाचे निकालपत्र कायद्याच्या ग्रंथालयात कायम राहील. तो खटला लढवायचा असे ज्या बैठकीत ठरले, खर्चासाठी ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्या कागदांची हमी मात्र कोणत्याही ग्रंथालयाने घेतलेली नाही.

आता हा विषय तातडीचा झाला आहे तो आणखी एका कारणाने. 2023 च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातील 11 विद्यापीठे एका कायद्याखाली आली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा 1949 चा स्वतंत्र कायदा संपला. विद्यापीठाचा कारभार पाहणारी सिनेट आणि सिंडिकेट ही मंडळे गेली. या बदलाविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि ते मी यापूर्वी वेगळ्या ठिकाणी मांडले आहे. येथे त्याचा वाद घालायचा नाही. परंतु आपण त्या बदलाच्या बाजूचे असलात तरी एवढे मान्य कराल की जवळपास पाऊणशे वर्षे चाललेली एक पद्धत बंद झाली असेल, तर ती कशी चालत होती याचे पुरावे जपण्याची जबाबदारी बंद करणाऱ्यांवर येते. सिनेटच्या अधिकृत इतिवृत्तात ठराव असतो. अध्यापकांचे निवडून आलेले प्रतिनिधी सभेला जाण्यापूर्वी संघटनेच्या बैठकीत काय ठरवून गेले आणि परत आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना काय सांगितले, हे संघटनेच्या दप्तरात असते. दोन्ही बाजूंची कागदपत्रे शेजारी ठेवल्याशिवाय विद्यापीठाचा इतिहास लिहिता येत नाही. 1974 च्या नवनिर्माण आंदोलनात अध्यापक मंडळांनी घेतलेल्या भागाबद्दलही हेच म्हणावे लागेल: विद्यार्थ्यांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे, अध्यापकांची बाजू मुख्यतः कपाटांत आहे.

बडोद्यात बसून ही विनंती करताना मला संकोच वाटत नाही, कारण दप्तर सांभाळणे ही या गावाची जुनी शिस्त आहे. बडोदा राज्याचे मोडी, गुजराती आणि इंग्रजी दप्तर आज आपल्याच शासनाच्या अभिलेखागाराच्या वडोदरा येथील कार्यालयात आहे आणि देशोदेशीचे अभ्यासक ते पाहायला येतात. ज्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1910 पासून गावोगावी ग्रंथालये उभी केली, त्यांच्या कारभाराचा हिशेब आपण आज पै-पैशासह मांडू शकतो, तो त्या काळच्या कारकुनांनी कागद नीट बांधून ठेवले म्हणून. त्या राज्यातल्या शाळामास्तराचा पगार किती होता हे शोधता येते; हंगामी नेमणुकीवर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या, किंवा पाच वर्षे निश्चित वेतनावर काम केलेल्या आजच्या अध्यापक सहायकाने स्वतःसाठी काय मागितले होते, ते आणखी पन्नास वर्षांनी शोधता येईल की नाही याची मला खात्री नाही.

कागदांची अवस्था सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातली बहुतेक पत्रके सायक्लोस्टाईलची, हलक्या कागदावरची आहेत. तो कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून कडांपासून तुटत जातो. टाचण्या गंजून त्यांचे तपकिरी डाग दहा-दहा पानांत उतरले आहेत. फाटलेल्या पानांना कोणीतरी सद्भावनेने लावलेली चिकटपट्टी आता वाळून सुटली आहे आणि तिच्याखालचा मजकूर तेलकट झाला आहे. वाळवी आणि कसर यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्यात बडोद्याला विश्वामित्री नदीच्या पुराचे भय आहे. जुलै 2019 च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट 2024 मध्ये शहरात पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या कुटुंबाने संघटनेची बासने पलंगावर, पलंगावरून कपाटावर अशी हलवली. खालच्या खणात राहिलेल्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींचा लगदा झाला. पाण्याने होते ते एक, माणसांच्या हातून होते ते वेगळे. एका संस्थेने संघटनेला दिलेली खोली दुसऱ्या कामासाठी हवी म्हणून सुट्टीच्या काळात रिकामी करून घेतली आणि तिथले गठ्ठे कोणालाही न विचारता रद्दीवाल्याला दिले. त्यात हजेरीपट होते, निवेदनांच्या पोचपावत्या होत्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या होत्या. त्या याद्यांच्या आधारे पुढे दोघा जणांचे निवृत्तिवेतन सुधारून मिळायला हवे होते.

हे काम अशक्य कोटीतले मुळीच नाही. इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाने 1973 मध्ये आधुनिक अभिलेख केंद्र सुरू केले आणि तेथे विद्यापीठीय शिक्षकांच्या संघटनेची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली आहेत. अमेरिकेत डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातील रूथर ग्रंथालयात तिथल्या शिक्षक महासंघाचे दप्तर आहे. आपल्याकडेही नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने 1998 मध्ये भारतीय श्रमिकांच्या अभिलेखांचे काम हाती घेतले. या सर्व ठिकाणचा एक नियम मला महत्त्वाचा वाटतो: ज्या संघटनेचे कागद, त्यांचा क्रम तिने लावला तसाच ठेवायचा, विषयवार फोडायचा नाही. चिटणीसाने तक्रार, तिचे उत्तर आणि त्यावरची बैठक एकाच बासनात बांधली असेल, तर त्या बांधणीलाच अर्थ असतो.

अडचण विश्वासाची आहे, आणि ती मी झाकून ठेवू इच्छित नाही. ज्या शासनाशी संघटना वर्षानुवर्षे भांडली, त्याच शासनाच्या स्वाधीन आपले कागद कसे करायचे, असे माझे अनेक सहकारी विचारतात. त्यांची शंका रास्त आहे. म्हणून मागणी दानाची नसून ठेवीची आहे. मालकी संघटनेकडे राहावी. यादी दोन प्रतींत व्हावी आणि एक प्रत संघटनेला मिळावी. कोणतेही पान संघटनेच्या लेखी संमतीवाचून नष्ट होऊ नये. वैयक्तिक तक्रारींच्या फायली, ज्यांत आजारपण, कौटुंबिक अडचणी किंवा महिला सहकाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत, त्या संबंधित व्यक्तींच्या हयातीत बंद राहाव्यात. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखनासाठी सवलत आहे, त्यामुळे कायद्याची आडकाठी पुढे करून सगळेच दप्तर नाकारण्याचे कारण उरत नाही. सवलत आहे म्हणून सगळेच उघडे करणेही योग्य नव्हे. सेवेत असलेल्या कोणाही अध्यापकाविरुद्ध या कागदांचा वापर चौकशीत होणार नाही, अशी स्पष्ट अट ठेवीच्या करारात असली पाहिजे. ही अट नसेल तर मी स्वतः कोणालाही कागद द्यायला सांगणार नाही.

दुसरी बाजू आपल्या खात्याची आहे. संघटनांनी पाठवलेली निवेदने, त्यांवरचे शेरे, वाटाघाटींची टिपणे शिक्षण खात्याच्या आणि विद्यापीठांच्या फायलींत आहेत. मुदत संपलेल्या फायली नष्ट करताना ही कागदपत्रे किरकोळ पत्रव्यवहार म्हणून वर्ग केली जातात. ती कायमस्वरूपी जतनाच्या वर्गात घ्यावीत, असे परिपत्रक काढण्यासाठी पैसा लागत नाही.

येत्या पावसाळ्यापूर्वी अभिलेखागाराच्या वडोदरा कार्यालयातील एखाद्या अनुभवी अभिलेखपालाला संघटनांची दप्तरे पाहण्यासाठी पाठवावे, एवढे पहिले पाऊल मी आपल्याकडे मागतो. कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, कोणत्या घरी किती बासने आहेत, याची यादी आम्ही काही निवृत्त सहकारी तयार करत आहोत. ज्या मराठी कुटुंबांकडे असे कागद आहेत त्यांनी तोपर्यंत ते रद्दीत घालू नयेत, जमिनीपासून वर ठेवावेत आणि चिकटपट्टी लावू नये. आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर आले की ती यादी घेऊन आम्ही गांधीनगरला येऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त अध्यापक
वडोदरा