सल्लागाराला आधी वाळूपर्यंत न्यावे

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर अलीकडे ‘कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे लघुउद्योगाचे उत्पादन वाढले’ अशा आशयाच्या हकिकती वरचेवर वाचायला मिळतात. त्या वाचून आमच्या वसाहतीतील अनेकांनी सल्लागारांना बोलावणी धाडली आहेत. कोणाला बोलवावे आणि बोलावल्यावर त्याला काय विचारावे, याबद्दल मात्र त्या हकिकतींत अक्षर नसते. मी स्वतः या व्यवहारात एकदा पोळलो आणि दुसऱ्यांदा सावरलो, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग आम्ही ओततो. दोन वर्षांपूर्वी ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतीव भागात वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांमुळे, माल परत येण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा एका ओळखीच्या ओळखीने पुण्याहून एक सल्लागार आला. कार्यालयात बसून त्याने सुमारे साठ स्लाइड दाखवल्या, चहा घेतला आणि कॅमेऱ्याने दोष ओळखणारी यंत्रणा फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग साफ करण्याच्या, टेबलावर बसवण्याचे सहा लाखांचे दरपत्रक ठेवले. भट्टीकडे तो फिरकलाही नाही. कॅमेरा बसला, आणि खराब भाग पूर्वी पर्यवेक्षक बाजूला काढत होता ते आता पडदा लाल होऊन बाजूला निघू लागले. परंतु कॅमेऱ्याला दिसतात त्या पृष्ठभागावरच्या पोकळ्या. आतल्या पोकळ्या ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर उघड्या पडायच्या, तशाच पडत राहिल्या. दोष का येतो, हा प्रश्न त्या सहा लाखांत कोठेही नव्हता.

दुसरा सल्लागार वयाने लहान, बोलण्यात थोडा अडखळणारा. त्याने आल्या आल्या पाळीची वही मागितली. त्या वहीत ज्या वाळूचे आम्ही साचे करतो तिच्या ओलाव्याच्या रकान्यात वर्षभर ‘ठीक’ एवढाच शेरा होता आणि कोणता भाग कोणत्या हीटमधून, म्हणजे भट्टीतल्या धातूच्या कोणत्या घाण्यातून, ओतला, याची नोंदच नव्हती. दोन दिवस तो वाळूच्या मिक्सरजवळ उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “साहेब, तुमच्याकडे मशीनला शिकवण्याजोगं अजून काही नाही. तीन महिने ओलावा आकड्यात लिहा, प्रत्येक भागावर हीट नंबर टाका, मग बघू.” आम्ही तसे केले. नोंदी जमल्यावर बहुतेक खराब माल दुसऱ्या पाळीतला असल्याचे दिसले. पहिल्या पाळीत ओतलेल्या साच्यांची वाळू गरम असतानाच पुन्हा मिक्सरमध्ये जात होती. गरम वाळूतले पाणी उडून जाते, म्हणून कामगार हाताच्या अंदाजाने वरून पाणी वाढवत होता आणि तीन-साडेतीन टक्क्यांच्या जागी ओलावा कधी पाचावर पोहोचत होता; त्या जास्तीच्या पाण्याची वाफ होऊन भागांत पोकळ्या पडत होत्या. वाळू थंड होण्याची सोय केल्यावर माल परत येणे निम्म्याहून कमी झाले. यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा काडीइतका वाटा नव्हता, आणि तसे सांगणाऱ्यालाच मी पुढचे काम दिले.

चार्टर्ड अकाउंटंटची सही घेताना आपल्यापाशी १९४९ चा कायदा असतो, सदस्यत्वाचा क्रमांक असतो, तक्रारीला जागा असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्लागारासाठी असे नोंदणीपुस्तक आपल्याकडे नाही. भेटपत्रिकेवर कोणीही काहीही छापू शकतो. मोठे नाव हाही पुरेसा भरवसा नव्हे. डेलॉइटसारख्या जगद्विख्यात संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या सरकारला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मोबदल्यात दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातले बनावट अवतरण निघाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या संस्थेला शुल्काचा काही भाग परत करणे मान्य करावे लागले. सरकारची ही गत, तर सहा लाखांच्या गिऱ्हाइकाने किती जपून राहावे!

सर्वांत जास्त फसगत होते ती टक्केवारीत. ‘आमच्या यंत्रणेची अचूकता शहाण्णव टक्के आहे’ असे ऐकले की मन मोहरते. पण शंभर भागांत चारच खराब असतील, तर डोळे मिटून प्रत्येक भागाला ‘चांगला’ म्हणणारे यंत्रही शहाण्णव टक्के अचूक ठरते आणि एकही दोष पकडत नाही. म्हणून खऱ्या खराब भागांपैकी किती पकडले आणि चांगले किती फुकट फेकले, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत; तेही सल्लागाराच्या नमुन्यांवरचे नव्हे, तर आपल्याच कारखान्यातल्या, त्याने आधी न पाहिलेल्या मालावरचे. नवीन पॅटर्न, म्हणजे साचा पाडण्याचा नमुना, आला किंवा दिवे बदलले की यंत्रणेला पुन्हा शिकवावे लागते. ते कोण करणार आणि कितीला, हे दरपत्रकात क्वचितच लिहिलेले असते. माझ्याही दरपत्रकात नव्हते, आणि तिसऱ्याच महिन्यात वेगळे बिल आले.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ग्राहकांची रेखाचित्रे आपल्याकडे गोपनीयतेच्या करारावर येतात. ती सल्लागाराने एखाद्या फुकटच्या चॅट सेवेत टाकली, तर करार मोडल्याचा ठपका आपल्यावर येतो. हजेरीसाठी कामगारांचे चेहरे टिपणारा कॅमेरा बसवायचा असेल, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात ठेवावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि माहितीवरचे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतले तरी कायद्यापुढे उत्तर मालकालाच द्यावे लागते. शिकवलेले मॉडेल आणि जमवलेल्या नोंदी कोणाच्या, काम सोडताना त्या कोणत्या स्वरूपात परत मिळणार, आणि सुचवलेल्या सॉफ्टवेअरवर सल्लागाराला कमिशन मिळते का, हे लेखी घ्यावे. कमिशन घेणे गैर नाही, पण मग तो सल्लागार नसून विक्रेता आहे, हे समजून त्याच्याशी भाव करावा. कमिशनच्या प्रश्नावर माझ्यासमोर बसलेल्या तिघा सल्लागारांपैकी दोघांनी विषय बदलला.

शुल्क एकरकमी देऊ नये, असे मला वाटते. आधी थोडक्या पैशांत पंधरा-वीस दिवसांची पाहणी करून घ्यावी आणि ‘सध्या याची गरज नाही’ असा निष्कर्ष निघाला तरी तिचे पैसे बिनतक्रार चुकते करावेत. नाहीतर खरे बोलणाऱ्याचे पोट कशावर भरणार? आमच्यापैकी पुष्कळ जण मशीनला लाखो देतात आणि सल्ल्याला हजार देताना कां-कूं करतात. मग सल्ला फुकट देऊन मशीन विकणाराच दारात उभा राहतो.

आमच्या उद्योजक संघटनांनी आणि जिल्हा उद्योग केंद्राने मिळून अशा कामाच्या कराराचा एक नमुना मराठीत तयार करून सभासदांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. आपल्यालाही एक विनंती आहे. यापुढे यशाची हकिकत छापताना यंत्रणा बसवण्याआधीचे व नंतरचे खराब मालाचे आकडे, एकूण खर्च, आणि लेख लिहिणारा ती यंत्रणा विकतो किंवा कसे, या तीन गोष्टी कृपया त्याच चौकटीत द्याव्यात.

कळावे,
आपला नम्र,
एक फाउंड्री व्यावसायिक
शिरोली, जि. कोल्हापूर