सहा मात्रा, अकरा स्वर

दादर, 12 जुलै

प्रिय बंड्या,

"सहा महिने एकच तुकडा घासतोयस?" असं तू फोनवर म्हणालास आणि हसलास. तेव्हा नीट सांगता आलं नाही.

तुकडा म्हणजे पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपँ या संगीतकाराच्या ओपस 9 (नवव्या क्रमांकाच्या संचा) मधलं पहिलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीची शांत भावरचना, 1832 साली छापलेलं. स्वरश्रेणी बी फ्लॅट मायनर, तिच्यात पाचही काळ्या पट्ट्या. तुला वाटेल, अवघड. उलट हाताला सोयीचं. लांब बोटं आपोआप काळ्यांवर पडतात. शोपँ शिष्यांना बी मेजरची सरगम आधी द्यायचा, ती याचसाठी; तिच्यातही पाचही काळ्या.

घोडं अडलंय भलतीकडेच. डावा हात सहा-सहा स्वर एकसारखे फिरवत राहतो. त्यावर सुरुवातीलाच उजव्याला डाव्याच्या 6 स्वरांच्या वेळात 11 आणि लगेच 12 च्या वेळात 22 स्वर टाकायचे! तू तबलजी, म्हणशील, हिशेब कर. केला. पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावला, सगळे स्वर मोजून जागेवर बसवले. ऐकून माझ्या पियानोच्या बाई म्हणाल्या, "छान टायपिंग. आता पियानोचं झाकण लाव आणि गा."

गायलो, बेसूरच. पण गळ्याने आपणहून पहिले दोन स्वर रेंगाळत घेतले, मधले झरझर सोडले आणि शेवटाला पुन्हा सावकाश उतरला. डावा तेवढा ढळू द्यायचा नाही. शोपँही शिष्यांना म्हणे हेच सांगायचा: डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, आणि ऑपेराचे गायक ऐका. मला मात्र कॉलेजातली ती बैठक आठवली. मी पेटीवर भरकटलो होतो आणि तू ठेका न सोडता पुटपुटलास, "फिर खुशाल, मी इथेच आहे."

पेडलची, म्हणजे स्वर रेंगाळत ठेवणाऱ्या पायपट्टीची, वेगळीच रड. पाय स्वराबरोबर नाही, किंचित मागून पडायला हवा, नाहीतर दोन सुरावटींचा काला होतो. शोपँच्या प्लेयेल बनावटीच्या पियानोचा नाद लवकर विरायचा. शोपँच्या पेडलच्या खुणा आजच्या पियानोवर जशाच्या तशा पाळल्या की नुसतं धुकं. मधल्या भागात तर उजव्याला सलग सप्तकाच्या जोड्या, त्याही कुजबुजीत. चाल करंगळीवर, आणि माझी करंगळी तुला ठाऊकच आहे.

त्यात हा पाऊस. मधली एक पट्टी फुगलीय, दाबली की वर यायला कुरकुरते.

गणपतीत येशील तेव्हा डग्गा-तबला आण. मी नुसता उजवा हात वाजवीन, तू सहा मात्रा धर, विलंबितात. फक्त दादरा तालासारखा झुलवू नकोस. बघू, मी किती लांब जाऊन परत येतो ते.

तुझाच,
पेटीवाला

ता. क. काकूंना सांग, लोणचं पोचलं.